टिकेल तो खेळेल

यंदा बलिप्रतिपदेला, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला, मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र यांचा सामना आहे. स्पर्धा एएफसी चॅम्पियन्स लीग टू, आशियातल्या क्लबांची दुसऱ्या पायरीवरची स्पर्धा. दिवाळी अंकाचा मजकूर छापखान्यात लवकर जातो. त्यामुळे मी हे लिहितोय ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तुमच्यातले बरेच जण फराळाचं ताट बाजूला ठेवून हे वाचाल तेव्हा निकाल लागून गेलेला असेल. भविष्य सांगणाऱ्याची फजिती बघायला तुम्ही मोकळे आहात. माझी त्याला हरकत नाही, कारण मला बोलायचंय ते त्या नव्वद मिनिटांच्या पलीकडचं आहे.

सध्या या सामन्याचा विषय निघाला की एकच प्रश्न येतो: रोनाल्डो येणार का? गटातल्या पहिल्या दोन सामन्यांत तो खेळलेला नाही, आणि त्याच्यावाचून अल नस्रने इस्तिकलोलला ५-० आणि बगदादमध्ये अल झवराला २-० असं हरवलं. म्हणजे तो आला काय, न आला काय, गोव्यासमोरचा डोंगर तेवढाच उंच आहे. पण गोव्याचं काय होणार हे कुणी विचारत नाही. दोन सामने झाले, दोन्ही गोवा ०-२ ने हरला. १७ सप्टेंबरला घरच्या मैदानावर अल झवराशी, १ ऑक्टोबरला ताजिकिस्तानात इस्तिकलोलशी. गटात चार संघ, पहिले दोन पुढे जाणार, आणि गोवा शून्य गुणांवर तळाला.

हे का होतं, याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. त्यांच्याकडे तेल, त्यांच्याकडे पैसा, आपल्याकडे क्रिकेट. अल नस्रपुरतं ते खरंही आहे. २०२३ मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीने अल नस्रसकट चार क्लबांचा पंचाहत्तर टक्के हिस्सा घेतला. तिथल्या एकेका खेळाडूच्या पगारात आपली अख्खी लीग चालेल. पण गोवा आतापर्यंत हरलाय तो इराकच्या आणि ताजिकिस्तानच्या क्लबांशी. ताजिकिस्तानचं दरडोई उत्पन्न भारतापेक्षा कमी आहे, लोकसंख्या एक कोटीच्या आसपास. इस्तिकलोल हा क्लब २००७ मध्ये स्थापन झाला, आणि २०१५ व २०१७ अशा दोन वेळा एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. इराकची तर गोष्टच नको. निर्बंध, युद्धं, बॉम्बस्फोट, मायदेशात सामने भरवण्यावर वर्षानुवर्षं बंदी. तरीही तिथले क्लब येतात आणि जिंकून जातात. पैशाचं उत्तर इथे लंगडं पडतं.

मी राहतो म्हैसूरच्या पश्चिम टोकाला, बोगादीत. मानसगंगोत्रीचा विद्यापीठाचा परिसर मागे टाकून बोगादी रोडने रिंगरोडकडे निघालं की आमचा भाग लागतो. जिथे शेतं होती तिथे लेआउट पडले, आणि लेआउटमधल्या एखाद्या रिकाम्या प्लॉटवर उंच जाळी मारून, खाली प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरून तासाच्या भाड्याने द्यायचं टर्फ आलं. संध्याकाळी दिवे लागले की पोरं खेळायला येतात, आणि त्यांत तीन-चार अल नस्रचे पिवळे सात नंबर हमखास असतात. गोव्याचा नारिंगी शर्ट मी इथे कधी पाहिला नाही, बंगळुरूचा निळा क्वचित. एकाला विचारलं, काय रे, हा क्लब कुठला? ‘रोनाल्डोदु, अंकल,’ तो म्हणाला. रोनाल्डोचा. रियाधचं नाव त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडतही नव्हतं. मला त्यात पोराची चूक दिसत नाही. क्लब कुठल्या तरी गावाचा असतो, हे त्याला दिसावं कुठे?

आता गंमत अशी, की आशियाई क्लब स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय संघ याच म्हैसूरच्या नावाने खेळला होता. १९६९ च्या जानेवारीत बँकॉकला आशियाई विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली आणि तिथे भारताकडून गेला तो म्हैसूर राज्याचा संघ. क्लब नव्हे, राज्याचा संघ. देशात राष्ट्रीय पातळीवरची क्लबांची लीगच नव्हती; ती सुरू व्हायला १९९६ उजाडावं लागलं. मग ‘विजेता क्लब’ पाठवायचा कुठून? फेडरेशनने सोपा मार्ग काढला आणि संतोष करंडक जिंकणारं राज्य पाठवून दिलं. म्हैसूरने १९६७-६८ चा संतोष करंडक बंगालला हरवून जिंकला होता. संघाचं नाव म्हैसूर असलं तरी हे फुटबॉल मुख्यतः बंगळुरूच्या मैदानांवरचं; त्या शहराचा फुटबॉलचा वारसा मोठा आहे. १९३७ साली मुंबईचा रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स हा होता.

मराठी वाचकाला ‘म्हैसूर राज्य’ हे शब्द फुटबॉलमुळे आठवणार नाहीत, ते आठवतील सीमाप्रश्नामुळे. म्हैसूरचा संघ बँकॉकहून परतला त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९६९ मध्ये, बेळगावच्या प्रश्नावरून मुंबई पेटली होती. त्या दंगलींबद्दल आपल्याकडे पुस्तकं आहेत, आठवणी आहेत. त्या संघाबद्दल महाराष्ट्रात काही असण्याचं कारण नाही, पण म्हैसुरातही काही नाही. १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि बँकॉकला खेळलेल्या संघाचं नावसुद्धा नकाशावरून गेलं. आशियाई स्पर्धेच्या भाषेत बोलायचं तर आपला पहिला क्लब खेळून आला आणि विरून गेला. त्याला पत्ता नव्हता, मालक नव्हता, पुढचा मोसम नव्हता.

त्याच वर्षी, १९६९ मध्येच, बगदादमध्ये एक क्लब स्थापन झाला. त्याचं नाव अल झवरा. होय, गेल्या महिन्यात फातोर्ड्यात येऊन गोव्याला हरवून गेला तोच. त्या देशाने या छप्पन्न वर्षांत काय काय पाहिलं हे सांगायला नको. राजवटी बदलल्या, शहर भाजून निघालं, क्लब मात्र खेळत राहिला.

बँकॉकच्या त्या स्पर्धेत जपानकडून टोयो कोग्यो हा संघ आला होता आणि त्याने तिसरा क्रमांक मिळवला. टोयो कोग्यो म्हणजे आज आपण जिला माझदा म्हणून ओळखतो ती हिरोशिमाची मोटार कंपनी. कंपनीचा संघ, कंपनीचे कामगार-खेळाडू, अगदी आपल्या टाटा-मफतलालसारखा मामला. १९९३ मध्ये जपानने व्यावसायिक लीग सुरू केली तेव्हा क्लबांना बजावलं, की कंपनीचं नाव काढा आणि गावाचं नाव लावा. गाव, नगरपालिका, प्रेक्षक यांच्याशी नातं जोडा. टोयो कोग्योचा संघ सानफ्रेचे हिरोशिमा झाला. तो आजही जपानच्या पहिल्या श्रेणीत खेळतो आणि आशियाई स्पर्धांत उतरतो.

याच्या शेजारी मुंबई ठेवून बघा. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र. कूपरेजवर गर्दी व्हायची ती या कंपन्यांच्या संघांसाठी. त्यांनी कित्येकांना नोकऱ्या दिल्या, घरं उभी केली, आणि हे उपकार कुणी नाकारू नयेत. पण संघ कंपनीच्या हिशेबाच्या वहीतली एक ओळ होता, आणि ओळ खोडायला पेन पुरतं. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, २००७ मध्ये एएफसी कपच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली. मुंबईच्या क्लबाने तोवर आशियात एवढं केलं नव्हतं. तीन वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघच बंद केला. १८९१ पासून चाललेला रोव्हर्स कप या शतकाच्या तोंडावर थांबला, त्याचंही कुणी सुतक पाळलं नाही.

गोव्यात हे जरा उशिरा घडलं. धेंप्यांच्या धेंपो क्लबने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलं, आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली २००८ मध्ये एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली. साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग, सगळे गोव्याचे. एका छोट्या राज्याचे इतके संघ देशाच्या लीगमध्ये असत. मग २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, आणि जुन्या लीगला दुय्यम ठरवण्याचा आराखडा समोर आल्यावर २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीग सोडली. ज्या धेंपोने आशियात उपांत्य सामना खेळला त्याला देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लीगमध्ये परतायला २०२४ उजाडलं. नव्या एफसी गोवात सुरुवातीला धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी मालक म्हणून होती, पण क्लबचा इतिहास पुन्हा शून्यापासून मोजायला घेतला गेला. आपल्याला नवं घर बांधायची फार हौस, जुन्याची डागडुजी नको.

तरीसुद्धा मध्ये काही उजेडाची वर्षं आली, आणि ती कशी आली हे बघण्यासारखं आहे.

पहिलं २०१६. बंगळुरू एफसी हा क्लब २०१३ मध्ये जिंदालांच्या जेएसडब्ल्यूने काढला. पैसा मुंबईचा, शहर बंगळुरू. पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकली, पुन्हा २०१५-१६ मध्ये जिंकली. सुनील छेत्री पहिल्या दिवसापासून तिथेच. २०१६ च्या एएफसी कपमध्ये उपांत्य फेरीत गाठ पडली मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमशी, म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्याशी. तिकडे १-१, आणि १९ ऑक्टोबरला कंठीरव स्टेडियमवर ३-१, छेत्रीचे दोन गोल. भारतीय क्लब पहिल्यांदाच आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गेला. ५ नोव्हेंबरला दोह्यात तो सामना झाला आणि इराकच्या अल कुवा अल जविया, म्हणजे त्यांच्या हवाई दलाच्या क्लबने तो १-० असा जिंकला. १९३१ मध्ये स्थापन झालेला हा क्लब. त्याने २०१६, २०१७, २०१८ असा सलग तीन वर्षं तो करंडक नेला. बंगळुरू तीन वर्षांचं होतं, समोरचा पंच्याऐंशीचा. एक गोल जास्त बसला तो या अंतराचा, असं म्हटलं तर फुटबॉलचे जाणकार हसतील. पण मला ते पूर्ण खोटंही वाटत नाही.

दुसरं २०२१, आणि यावर मला जरा थांबायचंय. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये लीगच्या साखळीत पहिला क्रमांक मिळवला. त्या बळावर तेव्हाच्या सर्वोच्च आशियाई स्पर्धेत, चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत, थेट प्रवेश मिळाला. एखाद्या भारतीय क्लबला तो पहिल्यांदाच मिळत होता. करोनामुळे गटाचे सगळे सामने एकाच ठिकाणी घ्यायचं ठरलं आणि यजमानपद गोव्याला मिळालं. एप्रिलचा उकाडा, दुसरी लाट उसळलेली, फातोर्ड्याच्या खुर्च्या रिकाम्या. गटात इराणचा पर्सेपोलिस, जो आदल्या स्पर्धेचा उपविजेता होता. कतारचा अल रय्यान, ज्याचा प्रशिक्षक लोराँ ब्लाँ, फ्रान्सचा विश्वविजेता. आणि अमिरातीचा अल वहदा. बहुतेकांनी गोव्याच्या नावापुढे सहा पराभव आधीच लिहून ठेवले होते.

पहिला सामना अल रय्यानशी, ०-०. दुसरा अल वहदाशी, पुन्हा ०-०. गोलात उभा होता मणिपूरचा विशीतला धीरज सिंग, आणि ज्या चेंडूंवर आपण खुर्चीत डोळे मिटून घेतो ते चेंडू तो बोटांच्या टोकाने बाहेर घालवत होता. तिसरा सामना पर्सेपोलिसशी. पंधरा मिनिटंही झाली नव्हती. ब्रँडन फर्नांडिसने फ्री किक उचलून दिली, कर्णधार एदू बेदिया गर्दीतून वर आला आणि डोक्याने चेंडू जाळ्यात. चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा हा पहिला गोल. ओरडायला स्टेडियमात कुणी नव्हतं, राखीव खेळाडूंचा तेवढा गलका ऐकू आला. आघाडी फार टिकली नाही; इराणी संघाने मध्यंतरापूर्वीच दोन गोल करून सामना फिरवला. परतीच्या सामन्यात त्यांनी ४-० ने धुतलं. पण त्यानंतर थकलेला गोवा पुन्हा अल रय्यानसमोर उभा राहिला, तिसऱ्याच मिनिटाला होर्हे ऑर्तिझने गोल केला, आणि विजय हातातोंडाशी आलेला असताना अगदी शेवटच्या मिनिटांत कतारवाल्यांनी बरोबरी साधली. एकूण हिशेब: तीन बरोबरी, तीन पराभव, तीन गुण, गटात तिसरा क्रमांक.

हे जमलं कसं? नशीब, घरचं मैदान, परक्यांना न सोसणारा उकाडा, हे सगळं धरा. शिवाय तेव्हाच्या नियमाने तीन परदेशी आणि एक आशियाई असेच चार खेळाडू घेता येत. त्यापायी आयएसएलमध्ये १४ गोल करणारा इगोर अँगुलो गोव्याला यादीबाहेर ठेवावा लागला. पण हा नियम समोरच्यालाही लागू होता, आणि श्रीमंतांचे हात त्याने बांधलेले होते. आता ती मर्यादा उठली आहे. अल नस्र वाटलं तर अकराच्या अकरा परदेशी उतरवू शकतो. हे सगळं खरं असलं तरी माझ्या मते मोठं कारण साधं होतं. गोव्याचा संघ नुकताच पूर्ण मोसम खेळून आला होता. नोव्हेंबर ते मार्च, गोव्याच्याच मैदानांवर, लीगचे वीस सामने आणि त्यावर बाद फेरी. सेरिटन फर्नांडिस, सॅन्सन परेरा, सेव्हियर गामा, ग्लॅन मार्टिन्स ही गोव्याचीच पोरं. एकमेकांच्या धावा त्यांना पाठ होत्या, पाय तयार होते.

तिसरं उदाहरण मुंबईचं, आणि त्याला दोन बाजू आहेत. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटी चॅम्पियन्स लीग खेळायला रियाधला गेली. पहिला सामना ०-३ हरली. दुसऱ्यात समोर अल कुवा अल जविया, बंगळुरूला दोह्यात रडवणारा तोच हवाई दलाचा क्लब. मुंबई आधी पिछाडीवर पडली, मग पेनल्टीवर बरोबरी झाली, आणि पाच मिनिटांनी कॉर्नरवर राहुल भेकेने हेडर मारला. २-१. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि तो मुंबईत वाढलेल्या एका बचावपटूच्या डोक्यातून. भेकेला हे नवीन नव्हतं. २०१९ च्या आयएसएल अंतिम सामन्यात, अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेत त्याच्याच हेडरने बंगळुरूने गोव्याला हरवलं होतं. एका मराठी मुलाने मुंबईत बंगळुरूला विजेता केलं आणि रियाधमध्ये मुंबईला. मुंबईने गटात सात गुण मिळवून दुसरा क्रमांक पटकावला. पुढच्या फेरीसाठी ते पुरले नाहीत, पण लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं.

दुसरी बाजू २०२३ ची. मुंबई पुन्हा पात्र ठरली, गटात नेमारचा सौदी क्लब अल हिलाल. यावेळी सामने घरी आणि बाहेर असे होते, आणि पहिलाच प्रश्न आला की घर कुठलं. अंधेरीचं मैदान आशियाई निकषांत बसेना. म्हणून मुंबईचा क्लब ‘घरचे’ सामने खेळायला पुण्याला बालेवाडीत गेला. अल हिलालचा सामना नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर झाला. तिकिटं खपली ती नेमारच्या नावावर, आणि नेमार त्याआधीच ब्राझीलकडून खेळताना गुडघा मोडून बसला होता. मुंबई सहाच्या सहा सामने हरली. दोन कोटींच्या शहराला निकषांत बसेल असं एक फुटबॉलचं मैदान नाही, हे त्या सहा पराभवांपेक्षा मला जास्त लागलं.

आता यंदाचं वर्ष बघा. गोवा सुपर कप जिंकून आला, १३ ऑगस्टला फातोर्ड्यात ओमानच्या अल सीबला २-१ असं हरवून गटात पोहोचला. ड्राझिच आणि सिवेरिओ यांचे गोल. विजय मोलाचा होता. पण त्याच्या महिनाभर आधी, ११ जुलैला, आयएसएल चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवून टाकलं होतं की नवा मोसम तूर्त स्थगित. फेडरेशन आणि ही कंपनी यांच्यातला २०१० चा पंधरा वर्षांचा करार येत्या डिसेंबरात संपतो, नवा झालेला नाही, फेडरेशनच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलेलं. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने पहिल्या संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. आशियाई अंतिम सामना खेळलेल्या, देशातल्या सर्वांत नीट चालवलेल्या म्हणून नावाजलेल्या क्लबची ही गत. माझ्या बोगादीपासून कंठीरव तीन-साडेतीन तासांवर. यंदा जायचं म्हटलं तर बघायला लीगचा सामनाच नाही.

अल सीबच्या सामन्यानंतर गोव्याचा पुढचा अधिकृत सामना थेट अल झवराशी. मध्ये महिन्याहून जास्त काळ नुसता सराव. प्रशिक्षक मानोलो मार्केझ कितीही हुशार असोत, सामन्याची लय सरावातून येत नाही, हे गल्लीत खेळलेल्यालाही कळतं. ०-२ आणि ०-२ या आकडेवारीत मला खेळाडूंचा नाकर्तेपणा कमी आणि रिकामं कॅलेंडर जास्त दिसतं. तिकडे कोलकात्यात मोहन बागान याच स्पर्धेत तुर्कमेनिस्तानच्या अहलकडून घरी हरला आणि पुढच्या सामन्याला इराणला गेलाच नाही. सुरक्षेचं कारण दिलं. गेल्या वर्षीही इराणच्याच दौऱ्यावरून स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं होतं. त्या कारणात तथ्य असेलही. पण सलग दोन वर्षं देशाचा विजेता क्लब अर्ध्यावर ताट सोडून उठतो, तेव्हा आशियाई पंगतीत आपलं पान मागे सरकणारच. २०२१ मध्ये आपला विजेता पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळत होता, आज दुसऱ्या श्रेणीत खेळतो. ही घसरण एका सामन्यात झालेली नाही.

काही मित्र म्हणतात, एवढं कशाला मनावर घ्यायचं? रोनाल्डोचा संघ गोव्यात येतो हेच भाग्य. पोरं बघतील, त्यातली दोन खेळायला लागतील. मी या युक्तिवादाला हसत नाही. एका सामन्याने मुलं खेळाकडे वळतात हे खरं आहे. पण वळलेल्या मुलाला दुसऱ्या आठवड्यात बघायला काय आहे? बगदादच्या पोराला अल झवरा आहे, दुशान्बेच्या पोराला इस्तिकलोल आहे, दर आठवड्याला, गावात, बसने जाता येईल असं. क्लबची आशियातली शक्यता तिथून सुरू होते. बोगादीतला तो पिवळ्या शर्टातला मुलगा अल नस्रला ‘रोनाल्डोचा’ म्हणतो, कारण रोनाल्डो दर आठवड्याला त्याच्या मोबाइलवर खेळताना दिसतो. छेत्री, ब्रँडन, भेके या ऑक्टोबरात कुठल्याच लीगमध्ये दिसत नाहीत.

म्हणून माझं भाकीत सांगून टाकतो. पाडव्याला गोवा हरेल. फातोर्ड्याच्या भरल्या स्टेडियमात एखादा गोल मारला तर आनंद, बरोबरी झाली तर चमत्कार, आणि रियाधच्या परतीच्या सामन्यात चमत्काराचीही सोय नाही. बाद फेरीत जायचं तर बगदादमध्ये जिंकावं लागेल आणि इस्तिकलोलला घरी हरवावं लागेल, आणि तेवढं करूनही इतरांच्या निकालाकडे डोळे लावून बसावं लागेल. लीग बंद असताना हे होईल असं मला वाटत नाही. लीग चालू असती तर, २०२१ चा गोवा आणि २०२२ ची मुंबई पाहिल्यावर, मी पैज लावायला तयार झालो असतो. तेव्हा फेडरेशन, कंपनी, क्लब आणि न्यायालय यांच्या भांडणात ज्या कुणाच्या हाती काही असेल त्याने आधी तारखा जाहीर कराव्यात; मालक, नाव, बोधचिन्ह, हक्क यांचं मागाहून बघता येईल.

इस्तिकलोलचा फातोर्ड्यातला सामना २४ डिसेंबरला आहे. नाताळसाठी मुंबई-पुण्याहून, कोल्हापूर-बेळगावहून अर्धा मराठी मुलूख गोव्यात उतरतो. त्यांनी त्या सामन्याचं तिकीट जरूर काढावं. रोनाल्डो नसल्यामुळे ते सहज मिळेल.